दुसऱ्या ओबोची खुर्ची

वसतिगृहात आमच्याविरुद्ध पहिली तक्रार आली ती बदकाची. खालच्या मजल्यावरच्या मुलीने वॉर्डनला सांगितलं की वरच्या खोलीत कोणीतरी बदक पाळलंय. वॉर्डन जिना चढून आल्या. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडायला लावलं. माझी मैत्रीण टेबलाशी बसली होती. तोंडात बोटाएवढी एक वस्तू. तिने ती फुंकली. वॉर्डन दोन पावलं मागे सरकल्या.

"हे काय गं?"

"रीड आहे. ओबोची."

"आणि ओबो कुठाय?"

"तो नंतर. आधी ही नीट ओरडली पाहिजे."

त्या दिवसापासून तिचं नाव बदक पडलं. विद्यापीठाच्या वाद्यवृंदातही तेच. पुढे तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या वडिलांनीही दुकानातून हाक मारली, "अहो बदकबाई, मैत्रिणीला पाणी विचारा!"

ओबो म्हणजे लाकडाचं, काळं, हातभर लांबीचं फुंकवाद्य. लोक विचारायचे, सनईच ना? ती सांगायची, सनईची चुलत बहीण, नाकात बोलणारी. ती त्याचीच पदवी घेत होती. मी साहित्य शिकत होते. एकच विद्यापीठ, एकच खोली, एकच टेबल. टेबलाच्या अर्ध्या भागात माझी पुस्तकं. उरलेल्या अर्ध्यात तिची सुरी, धार लावायचा दगड, लाल दोऱ्याचं रीळ आणि बोरूच्या सालींचा बारीक भुसा. तो भुसा माझ्या पुस्तकांतही शिरायचा.

रीड विकतही मिळते, पण वाजवणारे ती स्वतः करतात. बोरूची नळी घ्यायची, चिरायची, तासायची, दुमडायची, पितळी नळकांड्यावर दोऱ्याने बांधायची. मग दोन पात्यांची टोकं सुरीने खरवडत इतकी पातळ करायची की उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं. ज्याचे पूर्वी टाक करायचे तोच हा बोरू. ती मला बोरूबहाद्दर म्हणायची. मी म्हणायचे, टेबलाकडे बघ आणि सांग, बोरूबहाद्दर कोण?

"ओबोच का घेतलास?" मी एकदा विचारलं होतं.

"शाळेत व्हायोलिनसाठी रांग होती. बासरीसाठी त्याहून मोठी. ओबोसाठी कोणीच नव्हतं."

"मग?"

"मग काय. मला रांगेत उभं राहायचा कंटाळा."

तिच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. दुकानात वाफेचं यंत्र दिवसभर फुसफुसायचं. भिंती ओलसर, आरशावर धुकं. प्लास्टिकच्या पिशव्यांत लोकांचे कोट टांगलेले, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली. सुट्टीत मी तिथे आठवडाभर राहिले. काका एका हाताने शर्टाची कॉलर ओढायचे, दुसऱ्या हाताने इस्त्री फिरवायचे आणि तोंडाने लेकीची थट्टा करायचे.

"चार वर्षं फुंकायला शिकतेय. आमची इस्त्री बघ, कॉलेजात न जाता फुंकते."

काकूंना वेगळीच शंका होती. "वाद्यवृंदात गाणारं कोण असतं गं?"

"कोणी नसतं, आई."

"मग लोक ऐकतात काय?"

त्या घरात चांगली वस्तू जपून ठेवायची पद्धत होती. फ्रिजच्या दाराचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. कपाटात वरच्या फळीवर न वापरलेल्या चादरी होत्या. काकांचा एक नवा शर्ट खोक्यातच होता. लोकांचे इतके चांगले कपडे हाताळणाऱ्या माणसाने स्वतःचा चांगला शर्ट कधीच घातला नव्हता. "लागेल कधीतरी," काकू म्हणायच्या.

तिथेच, पडद्यामागच्या स्टुलावर बसून, तिने ती रीड केली.

तिने दिवसभर खरवडली. फुंकायची, ऐकायची, एक कण काढायची, पुन्हा फुंकायची. संध्याकाळी ती ओबोत बसवून तिने एक संथ तुकडा वाजवला. मी चहाचा कप धरून उभी होते. तो आवाज कसा होता ते मी तेव्हापासून लिहायचा प्रयत्न करतेय. जमलेलं नाही. काकांनी वाफेचं यंत्र बंद केलं. गिऱ्हाईक दारात तसंच उभं राहिलं.

"हीच," ती म्हणाली. रीड काढून पुसली आणि डबीतल्या कोपऱ्यातल्या खाचेत ठेवली. "ही आता ऑडिशनच्या दिवशी."

डबीत बाकीच्या रीड होत्या. तिने हिचं नाव पाहुणी ठेवलं.

ऑडिशन शहराच्या वाद्यवृंदाची होती. दुसऱ्या ओबोची खुर्ची रिकामी झाली होती. तिथले गृहस्थ आमच्या जन्माआधीपासून त्या खुर्चीवर बसत होते. ते निवृत्त झाले. अशी जागा पुन्हा कधी निघेल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

काकांना हे पटलं नव्हतं. "दुसरी कशाला? मागायचीच तर पहिली माग."

"बाबा, पहिला ओबो वेगळा, दुसरा वेगळा. पहिला गाणं गातो. दुसरा खालून धरून ठेवतो."

"म्हणजे शिडी धरणारा."

"हो. शिडी धरणारा."

"मग ठीक आहे. तो हवाच."

ती हसली, पण तिच्यासाठी ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ती वाजवायची तो ओबो विद्यापीठाचा होता. पदवी हातात आली की वाद्य पेटीसकट भांडारात जमा करायचं. नवा ओबो घेण्याचा विषय त्या घरात कोणी काढत नसे, इतका तो लांबचा होता. शहराच्या वाद्यवृंदाकडे स्वतःची वाद्यं होती. खुर्ची मिळाली तर हातात ओबो राहणार होता. नाही मिळाली, तर परीक्षेनंतरच्या सोमवारी ती पेटी देणार आणि मोकळ्या हातांनी परत येणार. ओबोवालीच्या हातात ओबो नसेल तर ती इस्त्रीच्या दुकानातली मुलगी. हे तिचेच शब्द. एकदाच बोलली, भाजी चिरताना.

तिच्या बाई, म्हणजे ओबोच्या प्राध्यापिका, उंच आणि खरखरीत आवाजाच्या. त्यांनी पाहुणी एकदा पाहिली.

"किती दिवस झाले हिला?"

"झाले थोडे."

"वाजवतेस?"

"अधूनमधून. झिजेल म्हणून..."

"रीड दुधासारखी असते. ठेवलीस की गेली. वाजवून टाक आणि नवी कर."

ती "हो" म्हणाली आणि डबी बंद केली. मला नंतर कळलं, जवळजवळ प्रत्येक ओबोवाला ही चूक करतो. सगळ्यांना माहीत असतं की करू नये. पण तशी रीड वर्षातून एखादीच होते. हाताला धीर होत नाही. आणि ही तर चादरी फळीवर ठेवणाऱ्या घरातली.

सरावासाठी तिने दुसरी रीड ठेवली होती. ओबडधोबड. लाल दोरा संपला होता म्हणून आईच्या बटणं शिवायच्या तपकिरी दोऱ्याने बांधलेली. तिच्यावर ती रोज सकाळी सरावाच्या खोलीत खालचे सूर लांबवायची. फक्त खालचे. मी बाहेर बाकावर वाचत बसायचे. दारातून एकच सूर यायचा, हळू सुरू व्हायचा, वाढायचा, विरायचा. मग पुन्हा तोच. मी एकदा म्हटलं, तुला कंटाळा येत नाही?

"खालचा सूर हळू सुरू करणं म्हणजे कुरकुरणारं दार आवाज न करता उघडणं. करून बघ."

विद्यापीठाच्या वाद्यवृंदात ती दुसऱ्या खुर्चीवरच होती. पहिल्या खुर्चीवर एक देखणा मुलगा होता. त्याला सगळे राजपुत्र म्हणायचे. तो सुंदर वाजवायचा आणि ते त्याला माहीत होतं. रंगात आला की त्याचा सूर वर सरकायचा. ती खोलीत येऊन चिडायची. "आज पुन्हा चढला. आणि मी त्याच्यामागे. कड्यावरून उडी मारली तरी मागे जावं लागेल मला."

"मग नको जाऊस."

"तसं नसतं. पहिला चुकला तर दुसऱ्याने त्याच्याबरोबर चुकायचं. नाहीतर ऐकणाऱ्याला दोघंही चुकलेले वाटतात."

मला तो नियम अन्यायाचा वाटला. मी तसं म्हटलंही. तिने खांदे उडवले.

ऑडिशनच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. पेटी तिच्या हातात, पाण्याची बाटली माझ्या. सभागृहामागे एक लांब खोली होती. जाड गालिचा, बंद खिडक्या, छतातून येणारी थंड कोरडी हवा. माझे ओठ पाच मिनिटांत फुटले. भिंतीला लागून उमेदवार बसले होते, प्रत्येकासमोर लहानसा पेला आणि पेल्यात भिजत घातलेली रीड. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मधूनच एखादा रीड उचलून फुंकायचा. खोलीभर बदकं ओरडत होती. मला हसू आलं. तिला आलं नाही.

राजपुत्रही होता. त्याने लांबून हात हलवला.

पहिली फेरी पडद्याआड होती. वाजवणारा कोण हे परीक्षकांना कळू नये म्हणून प्रत्येकाला एक बिल्ला. रंगमंचावर खुर्चीपर्यंत सतरंजी अंथरलेली, चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ओळखू येऊ नये म्हणून. दाराशी बसलेले शिपाईकाका बिल्ल्याचा आकडा पुकारत होते.

तिने पाहुणी काढली. भिजवली. फुंकली.

बारीक शीळ आली. बदक नव्हतंच ते. पुन्हा फुंकली. तीच शीळ.

"काय झालं?"

"मिटली."

"म्हणजे?"

"दुकानातल्या वाफेत केलेली. इथे हवा कोरडी. आक्रसून मिटली." तिने सुरी काढली. टोकाशी एक कण खरवडला. फुंकली. अजून एक कण. तिसऱ्यांदा सुरी लागली आणि टोकाचा कोपरा तुटला. आवाजही झाला नाही.

ती त्या तुकड्याकडे बघत बसली.

"बाईंनी सांगितलं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "चल, जाऊ या."

मी पाण्याचा पेला पुढे धरला.

"दुसरी कुठलीतरी भिजव."

"दुसरी कुठली? बाकीच्या अर्ध्या कच्च्या आहेत."

"ती तपकिरी."

"ती? ती वर गातच नाही. वर गेली की खरखरते."

शिपाईकाकांनी तिचा आकडा पुकारला. तिने तपकिरी दोऱ्याची रीड पेल्यात बुडवली, तोंडात धरली आणि ओबो उचलून आत गेली. दार लोटलेलं होतं. शिपाईकाकांनी ते माझ्याकडे बघून जरा उघडं ठेवलं.

आधी तो संथ तुकडा. दुकानात ज्याने गिऱ्हाईक थांबलं होतं तोच. आता तो खरखरला. वरच्या सुरावर तर फाटलाच. शिपाईकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, चष्मा पुसायला घेतला.

मग खालच्या सुरांचे तुकडे आले. आधी आत गेलेल्या बहुतेकांचा सूर त्या जागी खाकरून निघाला होता. तिचा सूर कधी सुरू झाला ते मला कळलंच नाही. तो आला नाही, तो आधीपासून तिथे होता असं वाटलं.

पडद्यामागून आवाज आला. "पुन्हा. आणखी हळू."

तिने पुन्हा वाजवला.

"आणखी हळू."

पुन्हा. आत कोणीतरी खुर्ची पुढे ओढली.

"आणखी हळू येईल?"

आता फक्त हवेचा एक ऊबदार पट्टा राहिला, आणि त्यात सूर होता. शिपाईकाका चष्मा हातात धरून बसले होते.

"झालं. थँक्यू."

ती बाहेर आली तेव्हा मानेवर घाम होता. "वर फाटलं ना?"

"फाटलं."

"खाली?"

मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. तिला वाटलं खालीही फाटलं.

तिला तर जायचंच होतं. मी पेटी धरून ठेवली म्हणून ती थांबली. दुपारी दोनच आकडे पुकारले गेले, तिचा आणि राजपुत्राचा.

शेवटच्या फेरीत पडदा नव्हता. मला मागच्या रांगेत बसायला मिळालं. वाद्यवृंदाचे पहिले ओबोवादक, पिकल्या केसांचे, ढगळ स्वेटर घातलेले, रंगमंचावर बसले. शेजारी दुसरी खुर्ची. उमेदवाराने तिथे बसून त्यांच्याबरोबर दुसरा भाग वाजवायचा होता.

आधी राजपुत्र. त्याचा आवाज सुंदर, मला तर पहिल्या वादकांपेक्षा सुंदर वाटला. मध्ये कुठेतरी दोन आवाजांत कुसळ गेल्यासारखं झालं. काहीतरी टोचत होतं. राजपुत्र ताठ बसला होता आणि सरळ वाजवत होता. कुसळ गेलं नाही.

मग ती. तोच तुकडा, तीच जागा. मी कुसळाची वाट बघत होते. ते आलंच नाही. एकच आवाज येत होता, जरा रुंद झालेला. ती समोरच्या स्वरलिपीच्या वहीकडे बघतच नव्हती. तिची नजर पहिल्या वादकांच्या खांद्यावर होती. त्यांनी खांदा जरा वर घेतला की तिचा श्वास वर. शेवटचा सूर दोघांनी एकदम सोडला.

पहिल्या वादकांनी ओबो मांडीवर ठेवला आणि परीक्षकांकडे बघून नुसती मान हलवली.

लांब खोलीत येऊन मी विचारलं, "त्याचं कुठे बिघडलं?"

"बिघडलं नाही. शेजारचे सर मुद्दाम चढले. तो सुरात राहिला."

"सुरात राहणं चूक?"

"त्या खुर्चीवर चूक."

"तुला कसं कळलं ते चढणार?"

"कुठे कळलं! राजपुत्र दोन वर्षं रोज चढतोय. सवयच लागलीय मला."

राजपुत्र मागेच उभा होता. त्याने ते ऐकलं. "मी चढतो?"

"नेहमी."

"मग सांगायचं ना!"

"दुसऱ्याने सांगायचं नसतं," ती म्हणाली. तो आधी लाल झाला आणि मग इतका मोठ्याने हसला की शिपाईकाका आत डोकावले.

थोड्या वेळाने पहिले वादक स्वतःच आले. हातात कागद नाही, काही नाही. तिच्यासमोर उभे राहिले.

"ती रीड बघू."

तिने डबी उघडली. त्यांनी रीड उजेडात धरली, दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"हा कसला दोरा?"

"बटणांचा. आईचा."

"दिसायला भयंकर आहे."

"हो सर."

"अशा चार करून आण. दोन तुला, दोन मला. मंगळवारी तालीम आहे. उशीर केलेला मला चालत नाही." ते वळले, मग थांबले. "खुर्ची तुझी आहे. हे सांगायचं राहिलं."

ती खाली बसली. ती उभी होती तिथे खुर्ची नव्हती. गालिच्यावर बसली. राजपुत्राने तिला हात देऊन उठवलं आणि तो हात बराच वेळ हलवत राहिला. मी रडत होते, हे मला शिपाईकाकांनी रुमाल दिला तेव्हा समजलं.

तिने घरी फोन लावला. मागे वाफेचं यंत्र फुसफुसत होतं.

"बाबा, मिळाली."

यंत्र फुसफुसतच राहिलं. मग काकांचा आवाज आला, तिच्याशी नाही, पडद्यामागे कोणाशी तरी. "अगं, ऐकलंस का? दुकान बंद करतोय मी."

"भर दुपारी? लोकांचे कपडे पडलेत!" काकू.

"पडू देत. आज सुरकुत्या घालून फिरू दे लोकांना."

परीक्षेनंतरच्या सोमवारी तिने विद्यापीठाची पेटी भांडारात जमा केली. मी बरोबर होते. कारकुनाने सही घेतली. बाहेर येऊन ती मला म्हणाली, हात हलके झाले. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात वाद्यवृंदाचा ओबो होता.

पहिल्या कार्यक्रमाला आम्ही तिघं गेलो. मी, काका आणि काकू. तिच्या काळ्या पोशाखाला काकांनी स्वतः इस्त्री केली होती, यंत्राने नाही, हाताने. आमच्या जागा बाल्कनीत होत्या. काकू कठड्यावरून वाकून बघत होत्या.

"गाणारं खरंच कोणी नाही गं," त्या म्हणाल्या.

शेवटच्या रचनेत ओबोचा मोठा एकल भाग होता. तो पहिल्या वादकांचा. खाली एक सूर धरलेला होता, हळू, लांब. काकांनी माझ्या कोपराला हात लावला. "खालची ती?"

"ती."

बाल्कनीतले बाकीचे लोक वरचं गाणं ऐकत होते. आम्ही तिघं खालचं ऐकत होतो. वरचं गाणं त्यावर असं निवांत फिरत होतं, पडायची भीतीच नसल्यासारखं.

टाळ्या सुरू झाल्या. समोर काठी घेऊन उभ्या असलेल्या संचालकांनी पहिल्या ओबोवादकांकडे हात केला. त्यांच्या एकल भागासाठी त्यांनी एकट्याने उठायचं, अशी तिथली रीत. ते उठले. आणि उठता उठता त्यांनी शेजारच्या खुर्चीवरच्या तिला दंडाला धरून उभं केलं. तिला याची कल्पना नव्हती. ओबो एका हातात, रीड अजून तोंडात, डोळे मोठे. टाळ्या वाढल्या. संचालकांनी हसून तिच्याकडेही हात केला. ती वाकायचं विसरली आणि तशीच उभी राहिली. बाल्कनीत काका दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होते.